डाव्या अंगाची फेरी

द्वारकाच्या मृत्यूची बातमी माझ्यापर्यंत पेपरच्या कार्यालयात आली, ती इतर बातम्यांसारखीच. कर्नाटकाच्या सीमेजवळ उसाची ट्रॉली उलटली, शिरूर कासार तालुक्यातली एक मजूर महिला जागीच ठार. हंगामात अशा बातम्या येतात आणि पानावर त्यांची एका कॉलमाची जागा ठरलेली असते. नाव शेवटच्या ओळीत होतं. रात्रपाळी संपता संपता तिचा धाकटा भाऊ भीमा याचा फोन आला. "आक्का गेली," म्हणाला. मागे ट्रॅक्टरचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तुज्या पेपरात टाक, ती लई पळायची म्हणून." पान तोवर छपाईला गेलं होतं. त्यात ती ऊसतोड मजूर होती. मजकूर चुकीचा नव्हता, अपुरा होता.

आम्ही एका गावचे, एका शाळेतले. ती माझ्या मागच्या वर्गात. शाळा साखर कारखान्याच्या संस्थेची. मैदान एका दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर सपाट झालं, त्यावर द्वारकाच्या आईनेही मातीच्या पाट्या वाहिल्या होत्या. मैदान तयार झाल्यावर त्याच्या मधोमध चौथरा बांधून कारखान्याच्या संस्थापकांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. गाव त्यांना अण्णा म्हणायचं. कारखाना तेव्हा त्यांच्या मुलाच्या, म्हणजे चेअरमनच्या हातात होता. पुतळ्याभोवती फक्कीची पांढरी रेघ मारून आमचे क्रीडाशिक्षक केदार सर यांनी चारशे मीटरची धावपट्टी आखली. चारशे मीटर म्हणजे मैदानाला एक पूर्ण फेरी, आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत जीव खाऊन पळायची. सर सांगत, शंभर मीटरला पाय लागतात. चारशेला शेवटचं वळण संपल्यावर अंगात जे उरलं असेल, ते लागतं. द्वारकाच्या अंगात उरायचं. बाकीच्या मुली शेवटच्या वळणावर वाकायच्या, ती तिथे ताठ व्हायची.

जगभर धावपट्टीवर मैदान डाव्या हाताला ठेवून पळतात. सरांना हे माहीत होतं आणि पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला तसंच पळवलं. त्याच दिवशी चेअरमनची जीप फाटकात थांबली.

"काय ओ सर, अण्णाला डावी घालून पळाय लावलंय व्हय पोरास्नी?"

"सायेब, नियमच हाय तसा. सगळीकडं असंच पळतेत."

"सगळीकडं मधी अण्णा हायेत का? देवाला उजवी घालून फिरतेत. डाव्या अंगानं फिरतेत ते सरणाला. कावून आमच्या बापाला रोज सरणावर चढवताव?"

जीपमधले लोक हसले. सर तेव्हा संस्थेत कायम झालेले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुतळा उजव्या हाताला ठेवून पळू लागलो. "गोल तो गोल," सर म्हणाले. "अंतर तेवढंच भरतंय."

अंतर तेवढंच भरत होतं, हे खरं आहे. पुढे तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धाही त्याच मैदानावर होऊ लागल्या, कारण मंडप कारखान्याचा आणि जेवण चेअरमनकडून. पंच येत, पुतळ्याला हार घालत, शिट्टी गळ्यात अडकवून उलट्या दिशेची शर्यत सरळ चेहऱ्याने पाहत. बासुंदी चांगली असायची. कुणी कधी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. त्या मैदानावर द्वारकाला कुणी मागे टाकलं नाही.

तिच्यापुढे काय होतं, ते तिला नीट ठाऊक होतं. आईवडील दर वर्षी दिवाळी झाली की कोयता घेऊन जायचे, ती आजीजवळ राहायची. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, आजी थकली, पुढच्या सालापासून तूही चल. विभागीय स्पर्धेत पहिल्या येणाऱ्या मुलीला सरकारी क्रीडा वसतिगृहात जागा मिळणार होती. राहणं, जेवण, शाळा, सगळं तिथेच.

"तिथं दोन टाइम जेवाय देतेत," तिने मला सांगितलं होतं, "अन ऊस न्हाई."

"अजिबातच न्हाई?"

"रस मिळंल की दुकानात. पिऊ. त्याचं अन माझं काय भांडण न्हाई, दुरून."

विभागीय स्पर्धेला आम्ही एसटीने निघालो; मी लांब उडीसाठी होतो. गेवराई मागे पडली, गोदावरीचा पूल आला, खाली नदी वाळूसारखी कोरडी होती. तिथे सर द्वारकाच्या बाकाजवळ येऊन उभे राहिले. "उद्या डाव्या हाताला मैदान ठिवून पळायचंय," म्हणाले. "मंजी?" तिने विचारलं. सरांनी हवेत बोटाने गोल काढून दाखवला. ती म्हणाली, "हां, उलटं." पुढच्या थांब्यावर सरांनी सगळ्यांना चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी आठ मुली आपापल्या पट्ट्यांत उभ्या राहिल्या. सात एका दिशेला तोंड करून, द्वारका दुसऱ्या. पिस्तूल धरलेला पंच ओरडला, "ए बीड! तिकडं कुठं? तुझी यष्टी तिकडून सुटते होय?" प्रेक्षक हसले. तीही हसली आणि वळली. तिला गोष्ट कळली होती, पण पायांना कळली नव्हती. एवढी वर्षं वळणावर उजवीकडे झुकायची सवय. इथे उजवीकडे झुकणं म्हणजे पट्टीबाहेर जाणं. पहिल्याच वळणावर तिने शेजारच्या पट्टीतल्या मुलीला गाठलं आणि तिच्यावर जाऊन आदळली. ती मुलगी पडली. गॅलरीतून सर उभे राहून ओरडत होते, "डाव्या अंगानं, द्वारके! डाव्या!" समोरच्या सरळ पट्टीवर तिने सगळ्यांना मागे टाकलं, शेवटच्या वळणावर पुन्हा बाहेर गेली, पुन्हा आत आली आणि पहिली आली. भोंग्यावरून पहिलं नाव दुसरंच पुकारलं गेलं. ती टेबलापाशी गेली.

"पैली मी आले की."

"आलीस," पंच कागदावरून मान न उचलता म्हणाले. "पण दुसरीच्या रस्त्यानं."

परतीच्या बसमध्ये तिने सरांना एवढंच विचारलं, "सर, तुमाला आधीपासून ठाव व्हतं?" सर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "व्हतं."

वडिलांनी तिला आणखी एक साल दिलं. ते साल दुष्काळाचं निघालं. मैदानावर चारा छावणी लागली. फक्कीच्या रेघेवर खुंटे ठोकून जनावरं बांधली गेली. पुतळ्याभोवतीची जागा तेवढी दोरी लावून मोकळी ठेवली होती. स्पर्धा रद्द झाल्या. गावाबाहेरचा तलाव आटला होता आणि त्याच्या भेगाळलेल्या तळात पाणी उपसायची जुनी विहीर, जिला आमच्याकडे जॅकवेल म्हणतात, एकटी उभी होती. द्वारका त्या उन्हाळ्यात जॅकवेलला डावी घालून पळाली. झिऱ्यावर पाणी भरणाऱ्या बाया म्हणायच्या, "अगं, कुणाचं सरण हाय मधी?" ती पळता पळताच सांगायची, "चेअरमनचं!" उन्हाळा संपेपर्यंत तिचे पाय वळले. मला मुद्दाम बोलावून तिने दाखवलं. वळणावर अंग आत झुकलेलं, खांदा खाली, कुठेही फरफट नाही. पाहायला मी आणि काही शेळ्या होतो. दिवाळीनंतर ती कोयत्यावर गेली. परत येईपर्यंत वयाची मर्यादा उलटली होती. केदार सर त्याच साली कायम झाले आणि कालांतराने त्याच शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले.

पुढचं आयुष्य थोडक्यात सांगता येतं, कारण ते थोडक्यातच होतं. लग्न झालं, नवरा दारूने गेला, मूल नव्हतं. ती माहेरी आली आणि भीमाच्या जोडीने ऊस तोडू लागली. एक सवय मात्र राहिली. तलाव आटलेला असेल त्या साली गुढीपाडव्याच्या सुमारास गावी परतली, की संध्याकाळी पदर खोचून जॅकवेलभोवती फिरायची. आधी पळायची, नंतर चालायची, नेहमी डाव्या अंगाने. तळात त्याची गोल पायवाट पडली होती. एकदा लिंबागणेशला देवळातही ती तशीच फिरली. एका बाईने हटकलं, तेव्हा म्हणाली, "देव मधी बसलाय मावशी, त्याला दोनी अंगानं दिसतंय." मला भेटली की विचारायची, "का रं पेपरवाल्या, अजून उलटंच पळतेत का तिथं?" मी हो म्हणायचो. अजूनही तसंच पळतात. कारखान्याचं गाळप बंद पडून वर्षं झाली, पुतळ्याला रंग मात्र दर वर्षी लागतो.

अंत्यविधी तलावाच्या बांधाखाली झाला. दोन पावसाळे कोरडे गेल्याने तलावात पाणी नव्हतं. अण्णांचा नातू आता चेअरमन आहे. तो स्वतः आला नाही, माणूस पाठवला. त्या माणसाने श्रद्धांजलीच्या भाषणात सांगितलं की अण्णांच्या मैदानाने या भागाला द्वारकाबाईंसारखी धावपटू दिली. काहींनी माना डोलावल्या. मग भीमाने पाण्याचं मडकं खांद्यावर घेतलं आणि गोंधळून सरणाच्या उजव्या अंगाने निघाला. गर्दीच्या मागून एक म्हातारा आवाज आला, "डाव्या अंगानं, भीमा... डाव्या." केदार सर होते. काठी टेकून उभे होते, खाली पाहत. भीमा वळला. द्वारकाभोवती तीन फेरे नियमाप्रमाणे झाले.

अग्नी नीट धरतो न धरतो तोच गावाकडून टँकरचा हॉर्न ऐकू आला. घागरी रांगेत होत्या, माणसं लगबगीने तलावाच्या तळातून जवळच्या वाटेने निघाली. वाट जॅकवेलपाशी त्या गोल पायवाटेला मिळते आणि दोन्हीकडून फुटते. पुढे चेअरमनचा माणूस होता. तो जॅकवेलला उजवी घालून गेला, त्याच्यामागे सगळे गेले. भीमा मागे राहिला होता. तो त्या जागी आला, थोडा थांबला आणि जॅकवेलला डावी घालून निघाला. गावाच्या वाटेला लागायला अर्धी फेरी पुरली असती... त्याने पूर्ण केली.