फंक्शन कशाचं?

आधी चहा घ्या. हा किस्सा सांगताना माझा घसा अजून कोरडा पडतो, म्हणून मी माझा कप अर्धा राखून ठेवतो. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. मधेच हसलात तर मला पुढचं आठवत नाही, नुसता घाम आठवतो.

तर तेव्हा मी सिरसाळ्याजवळच्या एका गावात हायस्कूलला इंग्रजी शिकवत होतो. हंगामी. हंगामी मास्तर म्हणजे काय, ते ज्याचं नुकतंच लग्न झालंय त्याला विचारा. गेवराईच्या माझ्या सासऱ्यांनी लग्न थाटात लावून दिलं, पण मुलगी पाठवायच्या वेळी अडून बसले. "नोकरी कायम झाली की घिऊन जा, जावईबापू. तवर आमची लेक आमाला जड न्हाई." झालं. बायको गेवराईला, आणि मी इथं खोलीत स्टोव्हवर पिठलं ढवळतोय. माझा सगळा संसार त्या एका 'कायम' शब्दावर अडला होता, आणि तो शब्द मन्मथअप्पांच्या तोंडात होता.

मन्मथअप्पा म्हणजे आमच्या शाळेचे अध्यक्ष. लिंगायत वाणी, सिरसाळ्याला आडत दुकान. माणूस सोन्यासारखा, पण शब्दसुद्धा तराजूत घालून द्यायचे. मी कधी नोकरीचा विषय काढला की म्हणायचे, "बगू." त्या 'बगू'वर मी महिनेच्या महिने काढत होतो.

आता त्या काळची गंमत ऐका. सिरसाळ्यात एसटीडीचं बूथ आलं, टपऱ्यांवर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, अप्पांच्या माडीवर टीव्हीची छत्री लागली, आणि त्या छत्रीतूनच की काय, गावात 'फंक्शन' हा शब्द उतरला. आधी आमच्याकडं बारसं व्हायचं, जावळ व्हायचं, साखरपुडा व्हायचा, तेरावं व्हायचं. आता सगळ्याचं फंक्शन झालं. बोअरला पाणी लागलं, फंक्शन. पोरगं दहावी पास झालं, फंक्शन. म्हातारी गेली, तर तिच्या तेराव्याचंही फंक्शनच.

इंग्रजीच्या मास्तराचा जीव जळणार नाही का? मी एक अख्खा तास खर्च करून वर्गाला फरक समजावला. आपोआप घडतो तो इन्सिडंट. वाईट घडला तर ॲक्सिडेंट. मोठं, लक्षात राहण्यासारखं काही झालं तर इव्हेंट. आणि माणसं मुद्दाम ठरवून, खुर्च्या मांडून जे करतात ते फंक्शन. पोरांनी हे घरी सांगितलं, घरच्यांनी गावभर केलं, आणि मग मी रस्त्यानं निघालो की लोक अडवून विचारायचे, "सर, म्हस व्याली. ह्याला काय म्हनायचं?" मी गंभीरपणे सांगायचो, इव्हेंट. माणूस समाधानानं घरी जायचा. असा माझा रुबाब होता. तोच नडला.

उन्हाळ्याची सुट्टी संपवून मी गेवराईहून परतलो आणि सिरसाळ्याच्या स्टँडवर उतरलो, तर समोर अप्पा. एक पाय जीपमध्ये, एक बाहेर.

"आलाव का सर? बरं झालं. परवा फंक्शन हाय."

"वा," मी म्हणालो.

"या टायमावर. दोन शब्द बोलायचेत तुमाला." आणि जीप गेली.

तुम्ही म्हणाल, विचारायचं की, कशाचं फंक्शन? अहो, ज्यानं अख्ख्या गावाला फंक्शनचा अर्थ शिकवला त्यानं भर स्टँडवर हे विचारायचं? शिवाय तिकडची रीतही ध्यानात घ्या. ज्यांच्याशी आपला घरोबा, त्यांच्या घरात काय चाललंय हे आपल्याला ठाऊकच असायला पाहिजे. 'कशाचं' म्हणून विचारलं की त्याचा सरळ अर्थ, मी तुमच्यातला नाही. कायम माणूस असा प्रश्न विचारू शकतो. हंगामी माणसानं तो गिळायचा असतो. मी गिळला, आणि तिथूनच पोटात दुखायला लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांचा गडी बापू आवतन द्यायला निघाला. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं, तेही तोंडी आणि दारोदार. "उद्या अप्पाकडं चूलबंद आवतन," असं तो प्रत्येक उंबऱ्यावर सांगत होता. चूलबंद म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, चूल पेटवायचीच नाही. मी दारात आरसा टांगून दाढी करत होतो. बापूनं शेजारच्या रखमाबाईंना आवतन दिलं, पलीकडच्या रशीदभाई टेलरला दिलं, आणि माझ्या दारावरून तसाच पुढे गेला.

"बापू," मी साबणाच्या तोंडानं हाक मारली, "माझं आवतन?"

"तुमाला कशाला आवतन, सर?" असं म्हणून तो हसला आणि निघून गेला.

माझ्या हनुवटीला ब्लेड लागलं. साऱ्या गावाची चूल बंद आणि माझा एकट्याचा स्टोव्ह चालू? का बरं? उद्यापासून मी या गावच्या मोजणीत नाही की काय?

मी गालाला तुरटी लावून रशीदभाईंकडं गेलो. सरळ विचारायचं नव्हतंच, म्हणून आडून गेलो. "काय मग रशीदभाई, उद्या काय बेत आहे अप्पांकडं?"

"गव्हाची खीर हाय म्हनं, सर. लई झकास करतेत."

"आणि खीर कशानिमित्त?"

"ते काय म्हाईत न्हाई," मशीन चालवत रशीदभाई म्हणाले. "जेवायला बोलिवलं, जायाचं. कारन इचारून पोट भरतंय व्हय?"

खीर! आमच्या घरी खीर म्हटली की पितर आठवतात. माझ्या मनात नको ते आलं. संध्याकाळी फिरायला निघाल्यासारखं करून अप्पांच्या घरावरून गेलो. अप्पांचे वडील, गाव त्यांना थोरले अप्पा म्हणायचं, कायम ओसरीवर बाजेवर पडलेले असायचे. मी दोन वर्षं त्या बाजेला नमस्कार करत आलो होतो. त्या दिवशी ओसरीवर ना थोरले अप्पा, ना बाज.

मला दरदरून घाम फुटला. मी महिनाभर गेवराईला. या महिन्यात म्हातारा गेला, आणि मी स्टँडवर त्याच्या मुलाला काय म्हणालो? 'वा' म्हणालो.

तेरावं म्हणा, त्यांच्यात जे काय करतात ते म्हणा, उद्याचं फंक्शन तेच असणार, असं माझं ठरलं. पण पुरतं ठरेना. बापूचं हसणं डोक्यातून जात नव्हतं. माझी नोकरी जाणार म्हणून तर हसला नसेल? म्हणून मी भाषण असं तयार केलं की ते कुठंही चालावं. 'आज मन भरून आलं आहे.' बारशाला भरतं, तेराव्यालाही भरतं. 'अशी माणसं पुन्हा होत नाहीत.' नवरदेवालाही लागू, गेलेल्यालाही लागू. पांढरा शर्ट घातला, तो दोन्हीकडं चालतो. पिशवीत नारळ घेतला, तोही चालतो. मी स्वतःवर जरा खूश झालो, हे कबूल करतो.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. खाटा एकमेकींना बांधून वर सतरंजी टाकून स्टेज केलं होतं. फळ्यावर नुसतंच 'सुस्वागतम्'. कोणाचं, कशाबद्दल, काही नाही. गाव अगोदरच येऊन बसलेलं, आणि जो तो माझ्याकडं बघून मायेनं हसत होता. आजारी माणसाकडं बघून हसतात ना, मला तसंच वाटलं. अप्पांनी माझा दंड धरला आणि मला स्टेजवर मधल्या खुर्चीत बसवलं. शेजारची खुर्ची रिकामी.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"पाव्हण्यांची. जीप गेलीय स्टँडवर, येतील आता."

मला वाटलं, पाहुणे येताना फोटो आणणार, तो ठेवायला असेल. थोरल्या अप्पांचा.

पाहुणे काही येईनात. खिरीचा वास सुटला, पोरं रडायला लागली, लाऊडस्पीकरवाला पुन्हा पुन्हा माइकवर फुंकर मारून बघू लागला. शेवटी अप्पा माझ्या कानाशी आले. "सर, पाव्हणे येस्तोवर तुमीच सुरू करा. लोक कावलेत."

मी उठलो. "आज मन भरून आलं आहे," मी म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेराव्याला टाळ्या? पण आता गाडी सुटली होती. "अशी माणसं पुन्हा होत नाहीत." आणखी टाळ्या. मग मी डोळे मिटले आणि मनापासून बोललो, "काल त्या ओसरीवरून गेलो. थोरल्या अप्पांची ती बाज... ती जागा रिकामी बघून पोटात कालवलं. एवढा मोठा आधार आपल्यातून..."

मांडवात चुळबुळ झाली. मी डोळे उघडले. पुढच्या रांगेत थोरले अप्पा काठी टेकत उभे राहत होते.

"बाज तुमच्या पायाखालीच हाय की, सर," ते म्हणाले. "स्टेजाला घेतली पोरांनी. मी आत कॉटवर झोपतोय सद्या."

गाव हसलं. मीही हसलो, पण माझ्या कानांतून वाफा निघत होत्या. म्हातारा ठणठणीत. मग फंक्शन कशाचं? आणि त्या क्षणी, माइक हातात धरून, मला सगळं उमगलं. मला आवतन नाही. मला मधली खुर्ची. सारं गाव माझ्याकडं मायेनं बघतंय. अरे, हा माझाच निरोप समारंभ! माझ्या जागी दुसरा मास्तर आणणार, म्हणूनच अप्पा इतके दिवस 'बगू बगू' करत होते.

खरं सांगतो, मला रडूच आलं. बायको डोळ्यांसमोर आली. सासऱ्यांना काय तोंड दाखवू? पण ठरवलं, जायचंच तर मानानं जायचं, कोणी जा म्हणायच्या आत.

"मंडळी," मी म्हणालो, आणि माझा आवाज त्या भोंग्यातून पार रस्त्यापर्यंत गेला असणार, "हे फंक्शन कशाचं आहे ते मला समजलं आहे. माझा कोणावर राग नाही. तुम्ही मला जीव लावला. पण जाणाऱ्याला अडवू नये. उद्याच्या गाडीनं मी गेवराईला जातो. कायमचा."

रखमाबाईंनी पदर डोळ्याला लावला. रशीदभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. अप्पा उठले तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेली एक शाल होती, आणि तोंड उतरलं होतं. "सर, जायाचंच ठरवलं आसल तर आमी कोन आडवनार? पर आदी सांगायचं व्हतं. तुमी कायम झालाव म्हनून तर ह्यो समदा मांडव घातला."

मला वाटतं, मी तेव्हा 'आं?' म्हणालो. माइक तोंडापाशीच होता, तेही साऱ्या गावानं ऐकलं.

नेमकी तेव्हाच जीप मांडवाशी येऊन थांबली. आतून सासरे उतरले. त्यांच्यामागून माझी बायको. आणि तिच्यामागून बापूनं एक ट्रंक, एक कळशी, गादीची वळकटी आणि पाटा-वरवंटा उतरवून घेतला. सासरे तरातरा स्टेजपाशी आले.

"जावईबापू, रस्त्यावरनं ऐकत आलो. आमी संसार घिऊन हितं आलोत, आन् तुमी कुठं निघालाव?"

आता सांगा, काय उत्तर देणार? शेवटी मी जे स्टँडवरच बोलायला हवं होतं ते साऱ्या गावासमोर बोललो. "अप्पा, फंक्शन कशाचं आहे हे मला माहीतच नव्हतं."

"सांगायचं काय त्यात?" अप्पा चक्रावले. "तुमचंच हाय. घरच्या मानसाला कुनी आवतन देतंय व्हय? आन् जोडीबिगर शाल कशी घालायची, म्हनून गेवराईला फोन लावला आन् ह्यांना आनाया स्टँडवर जीप धाडली."

थोरले अप्पा पुढच्या रांगेतून म्हणाले, "सर, आमाला एक सांगा. ह्याला काय म्हनायचं? फंक्शन का ॲक्सिडेंट?"

मग गाव जे हसलं, ते पंगत बसेपर्यंत हसत होतं. आम्हा दोघांना जोडीनं शाल घातली. शाल अंगावर पडताना बायको खाली मान घालून पुटपुटली, "विचारायचं ना हो." आमच्या संसारातलं तिचं ते पहिलं वाक्य. अजून रोज एकदा तरी म्हणते. खीर मात्र फार उत्तम होती. आमच्याकडं पितरांना घालतात ती त्यांच्याकडं आनंदाची असते, हेही तेव्हाच कळलं.

त्यानंतर माझी सगळी नोकरी त्याच गावात झाली. पण तेव्हापासून गावानं एक नवी रीत पाडली. माझ्या दारी आवतन आलं की खुलाशासकट यायचं. "सर, जावळाचं फंक्शन हाय. समदे जित्ते हायेत." "सर, तेराव्याचं हाय. म्हातारी खरंच गेली." कोणाची हिंमत नव्हती मला नुसतं 'फंक्शन हाय' म्हणायची.

परवा मी रिटायर झालो. आदल्या दिवशी बापू दारात आला. तोही आता पिकलाय. उंबऱ्याशी टेकला, दम घेतला.

"सर, उद्या शाळंत फंक्शन हाय. निरोपाचं. तुमचंच हाय." मग माझ्या तोंडाकडं जरा वेळ बघत राहिला, त्याला खात्री वाटेना. म्हणाला, "आन् सर, ह्या टायमाला खरंच जायाचं हाय, बरं का."