पुस्तकांच्या दुकानात मुलगा बघायला

पन्नासचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही कोल्हापुरात, राजारामपुरीत राहत होतो आणि मला बेळगावचं स्थळ सांगून आलं होतं. मुलाचं पुस्तकांचं दुकान आहे हे ऐकून माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या, कपाळावर आठ्या पडल्या. "पुस्तकं विकून कुणाचं घर चाललंय?" मला मात्र नेमक्या त्याच गोष्टीनं गुदगुल्या होत होत्या. हाताला लागेल ते वाचणारी मुलगी मी. मुलाकडचे पुढच्या रविवारी मला बघायला येणार होते.

माझी माईआत्या म्हणाली, "ते तुला बघणार, मग आपण त्यांना कधी बघायचं? चल, उद्याच जाऊ. आणि एकच दुकान बघून काय कळणार? वाटेतलंही बघू."

आप्पांना सांगितलं, आत्याच्या बेळगावच्या मैत्रिणीकडे निघालोय. ते खोटं नव्हतं. मुक्काम तिथंच होता.

आत्याचे यजमान डॉक्टर. त्यांची काळी मोटार आत्या स्वतः चालवायची, नऊवारीचा पदर खोचून. कागलच्या अलीकडे एका बैलगाडीवाल्यानं आम्हाला पाहिलं आणि तो ओरडलाच, "आगं बया, बाई मोटार चालवत्याय की!"

आत्या तितक्याच जोरात, "व्हय! माझ्याकडं नगा बघू पावणं, तुमचे बैल उसात निघाले!"

खरोखरच निघाले होते. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं.

निपाणीत शिरलो की आधी तंबाखूचा वास येतो. तिथल्या दुकानातल्या पुस्तकांनाही तोच वास. शाळेची पुस्तकं पुढं, कादंबऱ्या मागं, आणि मध्ये मांडी घालून बसलेले दुकानदार, केस पिकलेले. आत्यानं आडपडदा न ठेवता विचारलं, "या धंद्यात पोट भरतं का हो?"

"बायको रोज हेच इचारत्या," ते म्हणाले. "मी म्हणतो, संध्याकाळी सांगतो. तीस वर्सं झाली, अजून संध्याकाळ न्हाय झाली." आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. मी एक कादंबरी घेतली. तिच्या पानांतून महिनाभर तंबाखू दरवळत होता.

निपाणीच्या पुढं तवंदीचा घाट. निम्म्यावर मोटार तापली. जुनी गाडी घेऊन जाणार असाल तर पाण्याची घागर बरोबर ठेवा, आमच्याकडे नव्हती. सावलीत बसून घरच्या भाकरी आणि मिरचीचा खर्डा खाल्ला. तोवर इंजिन निवलं, माझा धीर मात्र सुटायला लागला. मुलगा रुक्ष निघाला तर? आपण मुलगा बघायला आलोय हे आप्पांना कळलं तर?

बेळगावात, खडेबाजारात, आत्यानं मोटार दुकानासमोर उभी केली. "तू एकटी जा. गिऱ्हाईक म्हणून."

आत एक तरुण शिडीवर चढला होता. तोच तो मुलगा, श्रीधर. खाली एक गृहस्थ लग्नाच्या आहेरासाठी पुस्तक मागत होते. "कुठलंही द्या, फक्त जाडजूड पाहिजे."

"पाककलेचं आहे बघा, चांगलं जाड," श्रीधर वरून म्हणाला. "नवरीला उपयोगी पडेल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "नवऱ्याला द्या की! नवरीला येतच असेल स्वयंपाक."

तो असा हसला की शिडी हलायला लागली. खाली उतरून त्यानं विचारलं, "आपण कुठल्या?"

"साताऱ्याच्या."

"असं होय? मग तुमचा फोटो कोल्हापूरहून कसा आला?"

फोटो आधीच पोस्टानं पोचला होता, हे मी साफ विसरले होते! कानशिलं तापली. उलट मीच विचारलं, "मग ओळखलंत तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही दुकान बघायला आलात. म्हटलं, नीट बघू द्यावं."

आता लाजून उपयोग नव्हता. सगळा धीर गोळा करून मी विचारलं, "लग्न झाल्यावर मी इथं दुकानात बसले तर चालेल?"

"गल्ल्यावर नाही चालणार."

माझा चेहरा पडला. तेवढ्यात गल्ल्यामागून एक ठसठशीत आवाज आला, "कसं चालेल? गल्ल्यावर मी बसते." ती त्याची आई होती. इतका वेळ सगळं ऐकत होती. "तू पुस्तकं निवड, पोरी. ह्याला खरेदीतलं काही कळत नाही. तसली जाड बुकं ढीगभर आणून ठेवलीत बघ." आणि तिनं आत्याला हाक मारली, "अहो बाई, उन्हात का बसलाय? आत या की!"

दुसऱ्या दिवशी घरी पोचलो तेव्हा आप्पा दारातच उभे होते. आत्यानं सगळं सांगून टाकलं. आप्पा भडकले. मुलीनं उठून मुलाच्या दारात जायचं? लोक काय म्हणतील? त्यांच्यासमोर कधी मान वर न करणारी मी म्हणाले, "आप्पा, मला तिथंच जायचंय." ते तडक स्वयंपाकघरात गेले. आईला म्हणाले, "रविवारी पोह्यांत शेंगदाणे जास्त घाल."

आता तो रस्ता रुंद झालाय, दोन-अडीच तासांत बेळगाव येतं. जरूर जा, वाटेत निपाणीला थांबा. मी त्या रस्त्यानं पुढं माहेरपणाला शेकडो वेळा आले-गेले, पण त्या पहिल्या खेपेसारखं हलकं कधीच वाटलं नाही. माझ्या सगळ्या मैत्रिणी मुलाकडच्यांना दाखवल्या गेल्या होत्या. मी बघून आले होते.