त्याच कापडाचं ठिगळ

टेलरमास्तर उभे राहिले की त्यांचं डोकं दुखायचं आणि आडवे झाले की थांबायचं. आता उभं राहूनच कापड बेतणाऱ्या माणसाने करावं काय? ताग्यांचा गठ्ठा माळ्यावर चढवताना पाठीत काहीतरी लचकलं, तेव्हापासून हे मागे लागलं होतं. अर्धा शर्ट कापून होईतो मास्तर गिऱ्हाइकासमोरच लादीवर पसरायचे आणि तिथूनच विचारायचे, "कॉलर कशी ठेवू?"

"असलं सोयीचं दुखणं मला का होत नाही हो?" बायको म्हणायची.

"अगं, मी काय नाटक करतोय?"

"नाटक असतं तर तिकीट तरी लावलं असतं."

चष्म्याचा नंबर बदलून झाला, अर्धशिशीच्या गोळ्या खाऊन झाल्या. फरक शून्य. दुकानाचं शटर खालीच राहू लागलं. एक दिवस मेव्हण्याने आवाजात साखर घोळून विचारलं, "दाजी, बरं वाटेना तर गाळा मला द्या. मोबाइलचं दुकान टाकतो." मास्तरांना नाही म्हणवेना. ज्या टेबलाशी उभा जन्म गेला, ते डोळ्यांसमोर तरळत राहिलं.

शेवटी गाठ पडली मेंदूच्या डॉक्टरीणबाईंशी. सगळ्यांनी कुठे दुखतं ते विचारलं होतं, बाईंनी कधी दुखतं ते विचारलं. मग एमआरआय काढला.

"मास्तर, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती एक पिशवी असते, पाण्याने भरलेली. तुमच्या पाठीत तिला बारीक भोक पडलंय. पाणी झिरपतं, उभं राहिलं की मेंदू खाली ओढला जातो, म्हणून डोकं दुखतं."

"म्हणजे उसवलंय."

"उसवलंय. उद्या पॅच लावू. पॅच तुमचाच लागेल हं, बाहेरचा चालत नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खाटेवर पडल्या पडल्या बायकोकडून चिंध्यांची पिशवी मागून घेतली आणि बाईंपुढे तुकडे मांडले. मलमल, पॉपलीन, सगळे धुऊन इस्त्री केलेले. "जो मऊ वाटेल तो घ्या."

नर्स तोंडाला रुमाल लावून बाहेर पळाली. बाईंनी मात्र मलमल हातात घेऊन नीट पाहिली. "सुरेख आहे. पण मास्तर, पॅच रक्ताचा असतो. तुमच्या हातातलं रक्त काढून पाठीत सोडायचं. ते गोठून भोकावर बसतं. कधी कधी दुसऱ्यांदाही लावावं लागतं."

मास्तर लाजले, मग खुलले. "त्याच कापडाचं ठिगळ. मग रंग जुळणारच."

सुई टोचली, कंबरेत दाब आला, मग नुसतं पडून राहणं. संध्याकाळी बाई म्हणाल्या, "आता हळूच उठून बसा." मास्तर बसले, मग उभे राहिले. बायकोने चिंध्यांची पिशवी छातीशी आवळून धरली होती. मास्तर दुखण्याची वाट पाहत राहिले.

"काय होतंय?"

"भूक लागलीय."

काही आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, असं बजावलं होतं. म्हणून दुकान उघडलं त्या सकाळी शटर बायकोने वर केलं. तेवढ्यात मेव्हणा आला. ठिगळाचं त्याच्या कानावर आलं होतं, गुण आल्याचं नव्हतं; हातात गाळा मोजायला टेप. टेबलाशी मास्तर ताठ उभे.

"दाजी? ठिगळ लावलं म्हणे. कुठे?"

"दिसलं असतं तर बाईंना कारागीर म्हटलं असतं का? बरं झालं टेप आणलीस. हात वर कर, छाती मोजतो. पँटचं माप मात्र तुझी बहीण घेईल. मला वाकायला बंदी आहे."