दुसरी शेगडी

थोरल्या जाऊबाईंच्या आणि माझ्या स्वयंपाकाची शेगडी वीस वर्षं एकच होती. बाई शिवणकारखान्यात काजं-बटणं करायच्या. जीभ अशी तिखट! मी भाजी चिरायला बसले की म्हणायच्या, "चिरतेस की कुणाचा सूड उगवतेस?" पण त्यांच्याशिवाय मला घास जायचा नाही.

दीर गेले आणि बाईंच्या छातीचं दुखणं सुरू झालं. कारखान्यानं घरी बसवलं. औषधं आमच्या आवाक्याबाहेरची. सरकारी मदत होती, पण कारकून म्हणाला, "घरात कमावता माणूस आहे, मिळणार नाही. स्वयंपाक वेगळा असेल तरच कुटुंब वेगळं धरतो." कमावता म्हणजे माझा नवरा, त्याच्या जिवावर सहा तोंडं.

मग काय, अक्कल माझीच! जुन्या बाजारातून शेगडी आणली, मागच्या खोलीत मांडली. तपासनीस आला, डब्यांची झाकणंसुद्धा उघडून गेला. मदत मंजूर झाली तेव्हा आम्ही दोघी पोट धरून हसलो. म्हटलं, आता खुशाल एकत्र जेवू.

पण तो मेला न सांगता केव्हाही टपकायचा. शेजारणीची मदत अशीच बंद झाली. बाई घाबरल्या, खरोखरच वेगळं रांधू लागल्या. आधी वाटीभर भाजी इकडून तिकडे जायची, मग तीही थांबली. पोरांना मीच दटावलं, काकूच्या ताटात बसायचं नाही. अशी तीन वर्षं गेली.

गेल्या महिन्यात मी तापानं फणफणले. बाई दारातून म्हणाल्या, "मऊ भात टाकते. तपासनीस गल्लीत आहे, तो गेला की आणते."

तो दुपारीच गेला. भात काही आला नाही. संध्याकाळी मी विचारलं, तर म्हणाल्या, "अगं बाई, विसरलेच! माझ्यापुरताच टाकला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "खड्ड्यात गेली ती मदत! उद्यापासून माझ्याकडेच जेवायचं. औषधांचं बघू काहीतरी."

 बाई हळूच म्हणाल्या, "औषधांचं नाही गं. मला आता तुझ्या हातचं तिखट सोसत नाही."

तिखट कमी घालता येतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि मी ढसाढसा रडले.