बोटीच्या नाकावरचं कुंकू

कामावर घेताना शेठ म्हनले हुते, "पहिली बोट साच्यातनं नीट निघाली तर ऱ्हा, न्हाईतर दुसरीकडं बघ." नागापूरला एमायडीशीत त्यांची नवी शेड. श्रीमंतांनी समुद्रावर फिरायच्या मोटारबोटी आमी हितं नगरात करायच्या. समुद्र मी बघितलाबी नव्हता. सातवीत शाळा सुटलेली, लेकरू केडगावला सासूपाशी, आमचे हे टेम्पोवर. मला ते काम पायजेच हुतं.

माझं काम साच्याला मेण लावून पुसायचं. वड्या थापायच्या आधी ताटाला तूप लावतो ना, तसंच. मग साच्यात पांढऱ्या रंगाचा थर मारायचा, वरून काचेच्या धाग्याचं कापड, त्यावर प्लास्टिक. कडा चिकटवून पंपानं हवा ओढली की डिंकावानी पातळ रेझिन आपोआप कापडात पसरायचं, फडक्यावर चहा सांडल्यावानी. साच्याला जे आधी लागंल ते बोटीच्या बाहेरच्या अंगाला दिसायचं.

बोट काढायच्या दिवशी मी डोळेच मिटले. मिस्त्रीनं फटीत पानी सोडलं, रबरी हातोडीनं ठोकलं, टक्क झालं, बोट सुटली! समद्यांनी टाळ्या वाजवल्या. उलटी करून बघतो तर पांढऱ्याशुभ्र नाकावर लालभडक पाच बोटं!

शेठ माझ्याकडं बघाया लागले. "साचा तूच पुसला हुतास ना?"

मी हात जोडले. "मी पुसला तवा न्हवतं वो, देवाशपथ!"

"तिला काय दरडावतोस?" पेढे घिऊन आलेल्या शेठच्या आई खुर्चीतनं बोलल्या. "साच्याच्या पूजेला कुंकू मी लावलं, आतनं. नवी वस्तू बिनकुंकवाची कामाला लावत्यात व्हय?"

साचाच लाल रंगाचा, त्यात कुंकू कुनाला दिसनार!

"अगं आई, बाहेरून लावायचं!"

"बाहेरून कोन बघतंय?"

संध्याकाळी गिऱ्हाईक येनार हुतं. शेठनी मिस्त्रीम्होरं पॉलिश पेपर धरला, घास म्हनले.

"मी? कुंकू पुसून घरी गेलो तर बायको दारात उभी करंल का?"

रंगवाला लघवीला म्हनून गेला तो आलाच न्हाई. शेठ स्वतःच वाकले, तर आई म्हनल्या, "सुनबाईला काय सांगशील?" शेठनी हात मागं घेतला अन् पेपर माझ्या हातात दिला. "हे तुझंच काम."

आमचे हे त्याच दिवशी शिंगणापूरच्या रस्त्याला टेम्पो घिऊन गेल्ते. कुंकू पुसू तर ह्यांच्या जिवाची भीती, न्हाई पुसू तर काम जातंय. पेपर हातात धरून मी रडाया लागले.

शेठच्या आई, आमा समद्यांच्या आजी, उठून जवळ आल्या. "अगं येडे, न्हाताना तुझं कुंकू जातं का न्हाई?"

"जातं."

"मग तवा रडतीस?"

"न्हाई वो, लगीच दुसरं लावते."

"मग हिलाबी न्हाऊ घाल की!"

समदी शेड हसली, मीबी. बादलीभर पानी ओतलं, घास घास घासलं. लाल वरवरच हुतं, निघालं. पॉलिश मारलं तसं माझं तोंड दिसाया लागलं. आजींनी कुंकवाचा करंडा म्होरं केला. मी शेठकडं बघितलं.

"लाव. हे पान्यानं तरी जाईल," ते म्हनले, "अन् उद्या दुसऱ्या बोटीसाठी साच्याला मेण लाव."

"म्हंजे... मी ऱ्हाऊ?"

"ऱ्हा. पन पूजेच्या दिवशी आईच्या अन् साच्याच्या मधी उभी ऱ्हा."