मांडीवरचा डबा

वीसेक वर्षांपूर्वी जाफराबादहून जालन्याला निघालेल्या काळीपिवळीत तो माझ्या शेजारी बसला होता. मांडीवर चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा. जीप खड्ड्यात आदळली की त्याचा हात आधी चादरीवर जायचा आणि डब्याचा कोपरा माझ्या बरगडीत.

"बिघडला का?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"न्हाई, सर. गावची डीपी जळाली, पाच दिवस लाइट न्हाई. ह्याच्यातलं काम अर्धं राह्यलंय. उद्यापर्यंत इंटरनेटवर परत पाठवायचंय. म्हणून जालन्याला बहिणीकडं नेऊन राह्यलो."

खिशातली दस्ती काढून त्यानं तिची घडी घालून दाखवली. शरीरातल्या प्रथिनांच्याही अशाच घड्या पडतात, तो सांगू लागला. घडी चुकली की आजार. त्या घड्यांचं गणित अफाट, म्हणून जगभरचे लोक घरच्या कॉम्प्युटरवर थोडं थोडं फुकट सोडवतात.

"उशीर झाला तर?"

"तेच काम दुसऱ्याला देतेत."

"मग एवढी धावपळ कशाला?"

"त्या बिचाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून करायचं का, सर? आपलं अर्धं झाल्यालं असताना?"

भोकरदनला गर्दी वाढली. ड्रायव्हर म्हणाला, डबा टपावर टाका.

"मी जातो टपावर. हा आत राहू द्या." आणि मला न विचारताच डबा माझ्या मांडीवर ठेवून तो वर चढला.

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जालना येईपर्यंत प्रत्येक गतिरोधकाला वरून हाक यायची, "धरलं ना, सर?"

माझी तपासायच्या वह्यांची पिशवी केव्हाच कुणाच्या तरी पायाखाली गेली होती. डबा मात्र मी दोन्ही हातांनी धरला होता.