काका आणि बोर्डोचे दोन काठ

शहापूरचे काका चहाचा कपसुद्धा आधी नाकाशी नेत, डोळे मिटत आणि मगच घोट घेत. वीस वर्षं जहाजावर वाईन वाढलेला माणूस, सवय कशी जाणार, असं सगळे म्हणत. करोनाच्या साथीत नोकरी सुटली आणि ते आपल्या विणकरांच्या घरात परतले. काकूंच्या गळ्यात माळ. वाईनचा विषय निघाला की त्या उठून आत जात.

मी शहापूरजवळच्याच वरठी गावची, नागपूरच्या एका हॉटेलात नोकरीला. बढतीसाठी वाईनची परीक्षा द्यायची होती आणि फ्रान्समधल्या बोर्डो या एकाच प्रांताची गावं मला पाठ होईनात. सुट्टीच्या दिवशी स्कूटर काढून मी काकांकडे जाई.

"बाटलीवर द्राक्षाचं नाव कायले शोधून राहिली? गाव वाच," ते म्हणत आणि अंगणातल्या मातीत बोटानं नदी काढत. डाव्या काठावर पोयाक, मार्गो. जमीन गोट्यांची, पाणी झिरपून जाणारी, म्हणून तिथं कॅबर्ने सोव्हिन्याँ हे द्राक्ष. उजव्या काठावर सेंतेमिलियाँ, पोमेरोल. तिथं चिकणमाती जास्त, म्हणून मर्लो. द्राक्षं ज्या गावची, नावही त्याच गावचं. शेजारच्यानं ते लावलं तर गुन्हा. "यालेच अपेलासिओं म्हनतात."

मिश्रण समजावताना त्यांच्यातला विणकर जागा होई. "नुसतं कॅबर्ने म्हंजे कडक कापड, अंगाले टोचते. नुसतं मर्लो लवकर ढिलं पडते. दोन्ही धागे लागतात. कोन्या काठावर कोनता धागा जास्त, तेवढं ध्यानात ठेव."

एकदा काकू शेजारी गेल्या होत्या आणि आत दूध करपत होतं. वास माझ्या घशाशी आला, तरी काका पोयाकबद्दल बोलतच राहिले. मी धावत जाऊन गॅस बंद केला. परत आले तेव्हा ते मान खाली घालून बसले होते.

"तापात वास गेला तो आलाच नाही. तीन बरस झाले. कोनाले सांगू नोको."

मी सांगितलं नाही. उलट परीक्षा पास झाल्यावर, नव्या मुलांना शिकवायला हॉटेल माणूस शोधत होतं तेव्हा मीच त्यांचं नाव सुचवलं. त्यांचा मान त्यांना परत मिळेल, असं वाटलं होतं.

पहिल्या दिवशी ते जहाजावरचा काळा कोट घालून आले. सेंतेमिलियाँची बाटली उघडली, पेला नाकाशी नेला, डोळे मिटले. "अस्सल उजवा काठ," ते म्हणाले आणि पेला माझ्याकडे दिला. त्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता. बुचामुळे वाईन बिघडली होती. काका माझ्याकडे बघत होते.

"छान आहे," मी म्हणाले.

पेला पुढं गेला. मागच्या रांगेतली एक मुलगी चाचरत म्हणाली, "सर, ही खराब झालीय ना?"

काही जण हसले. काकांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग मुलांकडे वळून ते शांतपणे म्हणाले, "मला वास येत नाही. हे आधीच सांगायला हवं होतं." आणि ते बाहेर पडले.

मी बसस्टँडवर त्यांना गाठलं.

"त्या पोरीचं काही नाही," ते म्हणाले. "तू काहून खोटं बोलली? तुयाच नाकाच्या भरवशावर उभा होतो मी तिथं."

"तुमाले लाज वाटू नये म्हनून, काका."

"लाज त आता वाटून राहिली." बस लागली. चढता चढता ते थांबले. "त्या पोरीले सांग, तिचं बरोबर होतं. घाबरली असंल ते."

मी उद्यावर ढकलत राहिले. तिला सांगायचं म्हणजे स्वतःचं खोटं कबूल करायचं. दोन आठवड्यांत ती नोकरी सोडून गेली. काकांनी फोनवर दोनदा विचारलं, "सांगतलं का तिले?" दोन्ही वेळा मी हो म्हणाले.

यंदाच्या उन्हाळ्यात काका गेले. तेराव्यानंतर मी त्या मुलीचा नंबर शोधून काढला, फोन केला आणि सगळं सांगितलं. तिचं बरोबर होतं, हेही सांगितलं.

तिनं विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात, मॅडम?"